घारीचं रीळ

धक्क्यावर तिला सगळे घार म्हणत, आणि ते नाव तिला आवडायचंही. बंदरातल्या सगळ्यात उंच क्रेनच्या केबिनमध्ये ती बसायची. समोर काच, बाजूला काच, पायाखालीसुद्धा काच. त्या काचेतून खाली बघत ती जहाजातले कंटेनर उचलून ट्रकवर ठेवायची. एका घराचं सगळं सामान मावेल एवढी लोखंडी पेटी, वाऱ्याने झुलणारी, पण ती अशी अलगद टेकवायची की ट्रकच्या ड्रायव्हरच्या हातातला चहा हिंदकळत नसे. नवीन आलेली माणसं माना वर करून बघत राहायची. वर बाई बसलीय हे कळलं की आणखी थोडा वेळ बघायची.

खाली तिला खुणा करायला दीर असायचा. खरं तर आधी तो तिचा सिग्नलवाला होता, दीर मागाहून झाला. एक वर, एक खाली, असं दोघांचं इतकं जुळलं की एके दिवशी त्याने आपल्या थोरल्या भावासाठी तिला वॉकीटॉकीवरच विचारलं. तिने आधी दोराला लटकलेली पेटी नीट टेकवली आणि मगच हो म्हटलं.

हा थोरला भाऊ, म्हणजे तिचा नवरा, न्हावी होता. बंदरामागच्या गल्लीत त्याचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. त्याला उंचीची एवढी धास्ती की बल्ब बदलायला स्टुलावर चढला तरी एका हाताने भिंत धरून ठेवायचा. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता तो सांगायचा, "लोक म्हणतात मी बायकोला डोक्यावर बसवून ठेवलंय. मी कशाला बसवू? ती लग्नाच्या आधीपासूनच वर होती. उंटावरचा शहाणा दुसऱ्यांकडे असेल, आमच्याकडे क्रेनवरची शहाणी आहे."

तिला त्या कामात सगळ्यात जास्त काय आवडायचं, ते ती कुणाला सांगत नसे, कारण सांगता यायचं नाही. पेटी जमिनीवरून सुटायची तो क्षण. दोर ताठ व्हायचा, क्रेन पुढे जराशी वाकायची, आणि ते सगळं वजन दोरातून, ड्रममधून, खुर्चीतून तिच्या पाठीच्या कण्यात येऊन बसायचं. डोळे मिटून तिने सांगितलं असतं की आत कागद आहे की यंत्र. रोज तेच काम, पण त्या क्षणाची ती रोज वाट बघायची.

मग बंदर बदललं. क्रेन तशाच उभ्या राहिल्या, पण माणसं खाली आली. एका वातानुकूलित खोलीत पडदे लावले आणि त्यांच्यासमोर खुर्च्या मांडल्या. हातातले लिव्हर तेच होते, पडद्यावरची पेटी तीच होती, फक्त वजन कुठेच नव्हतं. नोकरीचे शेवटचे महिने तिने तिथे काढले आणि निरोपाचा हार गळ्यात घालून घरी आली.

घरी आली, पण हात आले नाहीत. चहा घेताना तिचा डावा हात साखरेच्या डब्यावर जायचा आणि डबा हळूच पुढे-मागे करत राहायचा. नवरा बघायचा आणि डब्याचं झाकण घट्ट लावून ठेवायचा. "उचल, हरकत नाही," तो म्हणायचा, "फक्त माझ्या डोक्यावर उतरवू नकोस."

दीर तिच्या आधीच निवृत्त झाला होता आणि त्याला बासचं वेड लागलं होतं. बास म्हणजे गोड्या पाण्यातला शिकारी मासा. पाठ शेवाळाच्या रंगाची, अंगावर आडवी काळी रेघ, आणि जबडा असा की माणसाची मूठ आत जावी. हा भक्ष्याच्या मागे वणवण करत नाही. बुडालेल्या झाडाच्या आड दबा धरून बसतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो. पोट भरलेलं असलं तरी घालतो, निव्वळ रागाने. "म्हणजे आमच्या दादासारखा अजिबात नाही," दीर म्हणायचा. पकडलेला मासा तो सोडून द्यायचा. इतकी खटपट करून सोडायचाच असेल तर पकडायचा कशाला, हे तिला कळत नसे, आणि ती त्याला तसं विचारायचीही.

एका रविवारी तो तिला बरोबर घेऊन गेला. शहराबाहेर धरणामागे एक मोठा जलाशय होता. कधीकाळी ती दरी होती आणि तिथली झाडं अजून पाण्यात उभी होती, पानं नसलेली, पांढरी पडलेली. दीराने नाव मधोमध उभी केली, रबरी गांडूळ लावलेला गळ तळाला सोडला, आणि थर्मासचं झाकण उघडायचं म्हणून रॉड तिच्या हातात दिला. "धर जरा. आणि हळूहळू ओढ."

तिने ओढलं. दोऱ्यातून बारीक खरखर आली. "खडी आहे," ती म्हणाली. मग खरखर थांबली आणि सगळं मऊ झालं. "चिखल." मग काहीतरी टणक आलं, त्यावरून गळ चढला आणि पलीकडे उतरला. पाणी काळंशार होतं, हातभर खालचंही दिसत नव्हतं, आणि ती दरी, जिच्यात कुणीतरी कधी चालत असेल, तिच्या बोटाच्या पेरापाशी येऊन बसली होती.

तेवढ्यात टकटक झालं. दार वाजवावं तसं, दोनदा, हलकेच. मग काही नाही.

तिने दोऱ्यावरचं बोट तसंच ठेवलं. मग म्हणाली, "भाऊजी, तिकडे कोण होतं?"

दीराने चहाचा कप तिच्यापुढे धरला. "काय होतं" असं न विचारता "कोण होतं" असं तिने विचारलं, हे त्याच्या लक्षात आलं. घरी गेल्यावर त्याने भावाला सांगितलं, "दादा, वहिनीला स्वतःचा रॉड लागणार."

मासेमारीच्या सामानाचं दुकान सलूनच्याच गल्लीत, सायकलवाल्याच्या शेजारी होतं. दुकान कसलं, बोळच. दोन्ही भिंतींना रॉड उभे करून ठेवलेले, टोकं छताला टेकलेली, त्यामुळे आत शिरताना बोरूच्या बनात शिरल्यासारखं वाटायचं. आतल्या भिंतीवर आमिषं टांगलेली होती, आणि त्यांच्यासमोर ती अगदी आ वासून उभी राहिली. लाकडी मासे, पितळेचे मासे, रबरी बेडूक. एकाच्या पाठीवर खवला न् खवला रंगवलेला. दुसऱ्याच्या पोटात छर्रे भरलेले, हलवला की खुळखुळायचा. गांडुळांना चक्क बडीशेपेचा वास येत होता. माशालाही नाक असतं, असं दुकानदार म्हणाला. उंच, पाठीत वाकलेला माणूस होता तो, आणि बोलणं अगदी तोलूनमापून. हे सगळं माणसांनी बसून केलं होतं, न दिसणाऱ्या पाण्यात, न दिसणाऱ्या माशाला काय दिसत असेल याचा विचार करून. याचंच तिला नवल वाटत राहिलं.

नवरा सोबत आला होता. रबरी झालरीचं एक आमिष त्याने उजेडात धरलं. "याचे केस कुणी कापलेत? डाव्या बाजूला लांब राहिलेत."

"पाण्यात सारखे होतात," दुकानदार म्हणाला.

"गिऱ्हाइकाला मीही हेच सांगतो."

दुकानदाराने काचेच्या कपाटातून दोन रिळं काढून तिच्यापुढे ठेवली. एक रॉडच्या खाली लटकणारं. त्यात दोरा गुंडाळलेली चक्री जागची हलत नाही, दोरा तिच्यावरून सुटून जातो. शिकायला सोपं. दुसरं रॉडच्या पाठीवर बसणारं, आडव्या ड्रमचं. ते तिने हातात घेतलं आणि तिला हसूच आलं. ड्रम, दात्यांची चाकं, हँडल, ब्रेक. लोकरीचा कपडा धुतल्यावर आटतो, तशी तिची क्रेन आटून तळहातावर आली होती.

"हे अवघड आहे," दुकानदार म्हणाला. "फेकताना अंगठा ड्रमवर नसेल तर ड्रम धावतो, दोरा मागे राहतो, आणि पाखराच्या घरट्यासारखा गुंता होतो."

"ड्रम धावला की काय होतं, ते मला माहीत आहे."

मग त्याने हँडलजवळची चांदणीच्या आकाराची चकती दाखवली. "हा ड्रॅग. मासा जोरात पळायला लागला की रीळ इथून घसरतं आणि दोरा सोडतं."

"सोडतं?"

"सोडायलाच हवं."

"आणि ही चकती पूर्ण आवळली तर?"

"तर नाही सोडणार."

तिने चकती आवळली. आवळता आवळता ती कुरकुरली, तरी आणखी आवळली.

याला कारण होतं. नोकरीत ती नवी असताना एकदा क्रेनचा ब्रेक घसरला होता. पेटी हवेत होती, लिव्हर जागेवर होता, तिचा हात हललासुद्धा नव्हता, आणि दोर आपणहून सुटू लागला. खाली दीर उभा होता, म्हणजे तेव्हाचा सिग्नलवाला. दुसरा ब्रेक लागला तेव्हा पेटी त्याच्या डोक्यावर हातभर अंतरावर येऊन थांबली होती. तो आधी तिथेच खाली बसला आणि मग बसल्या बसल्या रांगत बाहेर आला. पुढे तो ही गोष्ट हसत हसत सांगायचा. ती मात्र त्या गोष्टीला कधी हसली नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी ती ब्रेक तपासायची, आणि घसरणारी कुठलीही गोष्ट, मग ती पायरीवरची सतरंजी का असेना, तिला खपत नसे.

म्हणून तिने निवडताना सगळं न घसरणारं निवडलं. दोरा आठ पदरी विणलेला, जो जराही ताणत नाही. रॉड दुकानातला सगळ्यात ताठ. आमिष मात्र ते खुळखुळणारं, तोंडाशी ओठासारखी रुंद पट्टी असलेलं, पाण्यात सरसर खाली जाणारं, कारण त्यावर तिचा जीव जडला होता.

दुकानदार त्या तीन वस्तूंकडे बघत राहिला. "या रॉडने तुम्ही माणूस ओढून काढाल पाण्यातून. पण या आमिषाचे हुक नाजूक असतात. याचं आणि या रॉडचं पटत नाही."

"पटेल हळूहळू," नवरा म्हणाला. "आमचं पटलंच की."

दुकानदाराने सामान बांधून दिलं. "नाही पटलं तर परत घेऊन या," एवढंच म्हणाला.

गल्लीत तिचा सराव सुरू झाला. सलूनच्या दारात नवऱ्याने एक बादली ठेवली होती. पहिल्या दिवशी घरट्यांवर घरटी झाली, आणि नवरा आपल्या बारीक कंगव्याचा दात घालून एकेक गुंता सोडवत बसला. हळूहळू तिच्या अंगठ्याला ड्रम कळू लागला. आमिष हवेत असताना किती सोडायचं, पाण्याला टेकण्याआधी कधी आवरायचं, हे शेवटी तिचंच काम होतं. आठवड्याभरात ते आमिष लांबून येऊन बादलीत पडू लागलं, तेही असं की पाणी बाहेर सांडू नये. अर्धी दाढी झालेली गिऱ्हाइकं खुर्ची वळवून बघत बसायची.

मग ती आणि दीर पुन्हा जलाशयावर गेले. दीराने नाव एका बुडालेल्या झाडापासून जरा दूर उभी केली. तिने आमिष बरोबर खोडाच्या पलीकडे टाकलं आणि हँडल फिरवायला लागली. छर्रे खुळखुळत असल्याची थरथर दोऱ्यातून येत होती. मग ती थरथर एकदम थांबली आणि त्या जागी वजन आलं.

टकटक नव्हती ही. कुणीतरी दार उघडून तिला आत ओढलं. तिने पाय रोवले आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं, माल उचलला. रॉड वाकला नाही, दोरा ताणला नाही, चकती घसरली नाही. सगळं तिने निवडलं होतं तसंच वागलं. मासा सरळ वर आला, नावेपासून काठीच्या अंतरावर पाणी फुटलं आणि तिला तो अख्खा दिसला. ओला, हिरवा, दंडाएवढा जाड. त्याने जबडा उघडून डोकं एकदा डावीकडे झटकलं, एकदा उजवीकडे. दुसऱ्याच क्षणी आमिष दीराच्या कानाजवळून सूं करत गेलं आणि नावेच्या फळीवर आपटलं.

दीराने ते उचललं. तीन टोकांच्या हुकाचं एक टोक पार सरळ झालं होतं, टाचणीसारखं.

"दोरा तुटला नाही," ती म्हणाली.

"नाही तुटला."

ती खाली बसली. पाण्यावरची वर्तुळं मोठी होत होत झाडापर्यंत गेली. दीराने रीळ हातात घेतलं, दोरा ओढून बघितला. जराही हलला नाही.

"वहिनी, पूर्ण आवळलंस?"

"हो."

"दुकानदाराने सांगितलं नाही?"

"सांगितलं."

तो डब्यातलं उकडलेलं अंडं काढून सोलत बसला. मग म्हणाला, "अजून तोच दिवस का?"

"तुमच्या डोक्यावर हातभर उरलं होतं, भाऊजी."

"मला सांगतेस? डोकं माझंच होतं." अर्धं अंडं त्याने तिच्या हातावर ठेवलं. "तिथे खाली मी होतो. इथे खाली कुणी उभं नाही. बघ."

तिने नावेच्या कडेवरून वाकून बघितलं. काळं पाणी, त्यात स्वतःचं तोंड, आणि तोंडाच्या मागे आभाळ. आयुष्यभर तिने वरून खाली बघितलं होतं आणि दरवेळी खाली माणसं होती. कधी पिवळ्या टोप्या, कधी ट्रकची टपं, कधी हात हलवणारा हा एक माणूस. ती हातातलं अंडं विसरून इतका वेळ बघत राहिली की शेवटी दीराने नाव काठाकडे वळवली.

दुकानदाराने तिला सामानासह दारात पाहिलं, आमिषाचा हुक बदलला आणि तो ताठ रॉड परत जागेवर लावला. मग त्याने एकेक रॉड काढून तिच्या हातात द्यायला सुरुवात केली. तो टोक धरून ओढायचा, ती मूठ धरून उचलायची. कुठला नुसता टोकाशी वाकायचा, कुठला मध्यापर्यंत. एक रॉड वाकत वाकत पार मुठीपर्यंत आला, आणि तिला वाटलं, आपला हातच लांब झालाय. तिने तो दोनदा परत मागून घेतला आणि बाजूला ठेवला. दोरा तिने साध्या नायलॉनचा घेतला, ओढला की थोडा लांबणारा, सोडला की आखडणारा.

राहिलं रीळ. कपाटातली सगळी रिळं तिने काउंटरवर मांडायला लावली. चकती सैल करायची, डोळे मिटायचे आणि हाताने दोरा ओढायचा. एक रीळ आधी अडायचं आणि मग हिसक्याने सोडायचं. दुसरं अडत नव्हतं, पण मध्येच पकडायचं. सगळी नोकरी न घसरणारा ब्रेक शोधण्यात गेली होती. आता तिला उत्तम घसरणारा ब्रेक हवा होता, आणि ब्रेकच्या बाबतीत कमी-जास्त चालवून घेणाऱ्यांतली ती नव्हती. शेवटी एका जुन्या, कडांवरचा रंग उडालेल्या रिळाने दोरा सोडायला कधी सुरुवात केली, ते तिला कळलंच नाही. दूध उतू जायच्या आधी साय हलते तसं काहीतरी झालं, आणि दोरा चालू लागला.

"हे," ती म्हणाली.

"ते माझं आहे," दुकानदार म्हणाला. मग कपाटाचं दार लावून घेत म्हणाला, "घ्या. मला आता सांधे साथ देत नाहीत. पण ओढून बघा बाहेर, नीट ताणून."

बाहेर ओढायला मासा कुठून आणायचा? नवरा सलूनमधून एप्रनसकटच आला. दोऱ्याचं टोक त्याच्या मनगटाला बांधलं आणि तिने त्याला गल्लीत पिटाळलं.

"अहो, जरा जोरात. माशासारखं पळा."

"मासा चपला घालून पळतो का?"

"मग काढा."

त्याने खरंच चपला काढल्या आणि धावत सुटला. रॉड वाकला, चकती घसरली, रीळ गायला लागलं. सायकलवाला हातातलं चाक तसंच धरून बघत राहिला. येणारी-जाणारी माणसं दोऱ्यावरून पाय उचलून जायला लागली. नवरा वळणाआड दिसेनासा झाला, पण दोऱ्याच्या या टोकाला तिला कळत होतं की तो थांबला, दम खातोय, आता पुन्हा निघाला. तिने चकती जराशी आवळली, पुन्हा जराशी सैल केली, आणि एका जागी तिचा हात आपोआप थांबला. मग हँडल फिरवत तिने त्याला परत आणलं. तो घामाघूम होऊन दारात आला तेव्हा दुकानदार पहिल्यांदा हसला.

"मासा चांगला आहे," तो म्हणाला. "सोडू नका."

पुढच्या खेपेला पाण्यावर धुकं होतं. पांढरी झाडं अर्धीच दिसत होती, आणि नाव सरकताना पाणी बोलत नव्हतं. तिने त्याच झाडाच्या जरा अलीकडे आमिष टाकलं. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. छर्र्यांची थरथर यायची आणि संपायची. हात गार पडले. दीराने खुणेने विचारलं, जागा बदलू का? तिने मान हलवून नाही म्हटलं आणि आमिष धुक्यात टाकलं. कुठे पडलं ते दिसलं नाही, फक्त ऐकू आलं.

या वेळी दार उघडलं तेव्हा ती आत ओढली गेली नाही. रॉड तिच्या बदली वाकला, पार मुठीपर्यंत. आणि मग रीळ सुटलं. बारीक, सलग किर्रर्र आवाज, धुकं चिरत जाणारा. दोरा चालला होता. तिच्या हातून, तिच्या डोळ्यांदेखत, लिव्हर जागेवर असताना दोर सुटत होता. अंगठा ड्रमवर चेपायला पुढे सरसावला आणि तिथेच, ड्रमच्या वर, थांबला. तिने नावेच्या कडेवरून खाली बघितलं. पाणीच पाणी. तिने अंगठा उचलला.

"जाऊ दे," ती पुटपुटली. दीराला म्हणाली की माशाला, ते त्यालाही कळलं नाही.

मासा झाडाकडे निघाला होता. झुलणाऱ्या पेटीला आवरायचं तर तिच्याविरुद्ध ओढायचं नसतं, तिच्यामागे जायचं असतं. तिने रॉड माशाच्या दिशेने नेला, त्याच्याबरोबर वळली, आणि वळता वळता त्याचा रोख हळूच बदलला. तो झाड सोडून मोकळ्या पाण्यात आला. मग दोरा एकदम वर चढायला लागला. खालून वर, भराभर. तिने सगळी नोकरी उचलण्यात काढली होती, पण उचलण्याआधीच वर येणारं वजन तिला माहीत नव्हतं.

पाणी फुटलं आणि मासा हवेत आला. अख्खा. शेपूटसुद्धा पाण्याबाहेर. जबडा उघडा, कल्ले पंख्यासारखे पसरलेले आणि आतून लालभडक, आणि तो हवेत उभा राहून डोकं हलवत होता, जणू या जगाला तो सपशेल नकार देत होता. त्याच्या अंगावरून सुटलेले थेंब धुक्यात लटकल्यासारखे दिसले. मग तो पडला आणि आवाज झाडांवर आपटून परत आला. दीराच्या हातातलं वल्हं तसंच राहिलं होतं.

दोरा अजून ताठ होता. रॉड वाकला होता, सरळ होत होता, पुन्हा वाकत होता. त्याने ओढलं की ती सोडायची. तो दमला की ती मिळवायची. कितीदा झालं कोण जाणे. शेवटी तो नावेशी आडवा झाला. दीराने दाखवलं तसं तिने वाकून त्याच्या खालच्या जबड्यात अंगठा घातला, बाहेरून बोटं लावली आणि त्याला वर घेतलं.

जबडा आतून पॉलिशपेपरसारखा खरखरीत होता. अंग गार, आणि एवढं जिवंत की तिने दुसरा हात त्याच्या पोटाखाली धरला. मासा मात्र हलत नव्हता. त्याचा डोळा तिच्याकडे होता, मध्ये काळा आणि भोवती तांब्याच्या तारेसारखं कडं, पापणी नसलेला. बगलेवरची काळी रेघ जवळून पाहिली तर रेघ नव्हतीच, लहान लहान ठिपके एकमेकांना लागून बसलेले होते, कुठल्याही दोन माशांवर सारखे नसतील असे. आणि वजन. ते दोरातून आलं नव्हतं, खुर्चीतून आलं नव्हतं. मनगटातून चढून खांद्यात आणि तिथून पाठीच्या कण्यात आलं, आणि तिथे येऊनही जागा बदलत राहिलं, कारण ते श्वास घेत होतं.

"केवढा आहे," दीर म्हणाला. मोजपट्टी त्याच्या खिशात होती, पण त्याने ती काढली नाही.

"फार जड नाही हो," ती म्हणाली. "पण..."

तिने मासा त्याच्यापुढे धरला.

आमिषाचे हुक त्याने सोडवले. एकही वाकला नव्हता. तिने माशाला पाण्यात उतरवलं, अलगद, पेटी टेकवावी तसं, पण हात सोडला नाही. कल्ले उघडत होते, मिटत होते. आधी तो नुसता लोंबकळला. मग पोटाखाली धरलेल्या तळहाताला त्याची शेपूट जागी होताना कळली, एकदा, पुन्हा एकदा, आणि त्याची ताकद कणाकणाने त्याच्यात परत येत असताना ती सगळी तिच्या हातातून जात होती. पकडायचा आणि सोडायचा कशाला, हे तिने दीराला पुन्हा कधी विचारलं नाही. मासा सुटला तो तिच्या तोंडावर पाणी उडवून.

दीराने वल्हं उचललं. "थांबा जरा," ती म्हणाली. तो थांबला. धुकं विरळ होत गेलं आणि झाडं एकेक करून पूर्ण झाली. ती पाण्यात हात घालून बसली होती. पाणी वरवर कोमट होतं, खाली गार, आणि आणखी खाली जिथे हात पोचत नव्हता, तिथे तो होता.

घरी आली तेव्हा नवरा सलून बंद करत होता. काय झालं ते तिने सांगायला सुरुवात केली, पण माशाच्या उडीपाशी आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. शेवटी तिने नुसता अंगठा पुढे केला. आतल्या बाजूची कातडी खरवडून निघाली होती, बारीक रेघा उठल्या होत्या. त्याने तिला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, दिवा जवळ ओढला, चष्मा लावला आणि तिचा हात उजेडात धरून बघत राहिला.

"चावला?"

"चावला नाही," ती म्हणाली. "मी त्याला धरलं होतं ना, तेव्हा त्यानेही धरलं."

त्याने फुंकर घातली, आणि हात काही सोडला नाही.